पांच जणांची मोटार

मोटार विकत घ्यावयास निघालेला गृहस्थ रंग पाहतो, आसनें दाबून पाहतो, किंमत विचारतो आणि शेवटीं "ॲव्हरेज किती देते?" असा प्रश्न करून घरीं परततो. गाडी लांबीला किती आहे असें विचारणारा कोणी आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं. परंतु आमच्या फाटकाच्या आंत उभी असलेली छोटी सेडान कोणीं टेप लावून मोजली, तर ती ३,९९५ मिलिमीटर भरेल. चार मीटरांस अवघे पांच मिलिमीटर कमी! शेजारच्या डॉक्टरसाहेबांची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, तीहि जवळजवळ तितकीच. समोरच्या वकिलांची तिसऱ्या कंपनीची, तिचेंहि माप तेंच. हा योगायोग नव्हे. २००६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकांत लहान मोटार कशास म्हणावें याची व्याख्या करण्यांत आली. लांबी चार मीटरांपर्यंत, पेट्रोलचें इंजिन १२०० सी. सी. पर्यंत व डिझेलचें १५०० पर्यंत, अशा गाड्यांवरील उत्पादनशुल्क शेंकडा २४ वरून १६ वर आलें. दिल्लींत ओढलेली ती रेघ आज आमच्या मागच्या आसनावरून जाते, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्या रेघेचा परिणाम असा झाला कीं, मागें डिकी असलेल्या लांब गाड्यांच्या शेपट्या छाटल्या जाऊं लागल्या. २००८ सालीं टाटांनीं इंडिगो सी. एस. काढली, चार मीटरांच्या आंत बसविलेली ती पहिली सेडान. त्याच वर्षीं मारुतीची डिझायर आली. ती प्रथम लांबच होती व तिच्या डिकींत ४४० लिटर सामान राही. २०१२ सालीं तिलाहि नव्या मापांत बसविण्यांत आलें, तेव्हां डिकी ३१६ लिटरांवर आली. पाठोपाठ २०१३ सालीं होंडाची अमेझ आली, २०१४ सालीं ह्युंदाईची एक्सेंट आली. कापड कमी पडल्यामुळें शिंप्यानें सदरा मागून आंखूड करावा, तशा या गाड्या पाठमोऱ्या दिसतात. आतांशा त्यांचें रूप पुष्कळच सुधारलें आहे. आमची गाडी यांपैकीं कोणती हें मात्र सांगत नाहीं. जाहिरात केल्यासारखें होईल, आणि आमच्या येथें गाडीला नुसतें "गाडी" असेंच म्हणतात.

मग मागें डिकी नसलेली, आणखी आंखूड व आणखी स्वस्त मोटार आम्हीं कां घेतली नाहीं? नागपुराहून पुण्यामुंबईच्या आप्तांकडे रिकाम्या हातानें जाणें ज्यांस ठाऊक आहे, त्यांनींच हा प्रश्न विचारावा. आमच्याकडून कोणी निघालें कीं संत्र्यांची पेटी आलीच. पुडाच्या वड्यांचा डबा, संत्रा बर्फी, कोणाच्या तरी सुनेकडून कोणाच्या तरी मुलीकडे पोंचवावयाची पिशवी, हें सगळें बरोबर असावयाचें. डिकीवेगळ्या गाडींत हें सामान प्रवाशांच्या मानेमागें येऊन बसतें आणि संत्र्यांचा वास तासाभरानें सुवासाच्या पलीकडे जातो. शिवाय आमच्या घरीं आत्याबाई आहेत व त्यांची सोंवळ्याची पिशवी आहे. ती पिशवी माणसांच्या संगतींत प्रवास करीत नाहीं. तिला स्वतंत्र, कुलूपबंद दालन लागतें. तें सेडानमध्यें मिळतें. कारखान्यांतील कोणत्याहि आरेखकानें ही सोय मनांत धरली नसेल, परंतु आमच्या घरच्या खरेदींत तिनेंच कौल दिला.

आमच्या लहानपणीं वडिलांजवळ एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होई. मूळ घराणें इटालीच्या फियाटचें. गंमत अशी कीं, तीहि चार मीटरांच्या आंतलीच होती. पण तिच्या पुढच्या बाजूस सलग बांक होता आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाजवळ, त्यामुळें पुढें तिघे सहज व मनांत आणल्यास चौघे बसत. त्या गाडींतून आम्ही रामटेकास नऊ जण गेलेलों आहोंत. पुढें चार, मागें पांच, आणि मागच्या पांचांच्या मांडीवर जेवणाचे डबे. मनसरच्या वळणावर गाडी वळली कीं सगळेच एका अंगाला कलत व मोठा हंशा पिके. वडील ताशीं चाळीस किलोमीटरच्या वर कधीं गेले नाहींत. गाडीलाहि तसा आग्रह नव्हता. पद्मिनीचें उत्पादन थांबलें, त्याच्या पुष्कळच आधीं आमची पद्मिनी एका भंगारवाल्याच्या हातगाडीमागून फाटकाबाहेर गेली. परंतु गाडी म्हणजे जींत सगळे मावतात ती, ही समजूत ती आमच्या घरांत मागें ठेवून गेली.

आज घरांत माणसें नऊच आहेत. आई, आत्याबाई, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, आणि तीन मुलें. गाडींत पट्टे मात्र पांच.

पट्ट्यांचा हा विषय घरांत एकाएकीं निघाला नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री गेले. गाडी मोठी होती, महागडी होती, तींत हवेच्या पिशव्याहि पुष्कळ होत्या. मागें बसलेल्या दोघांनींहि पट्टे बांधलेले नव्हते आणि तेच दोघे गेले. ही बातमी आमच्याकडे दुसऱ्या दिवशीं सकाळच्या चहाबरोबर वाचली गेली, व धाकट्या बंधूंच्या पत्नी, ज्यांना आम्ही सर्वजण सूनबाई म्हणतों, त्यांनीं त्याच बैठकींत सांगून टाकलें कीं, यापुढें आपण चालवीत असलेल्या गाडींत पांचच माणसें बसतील व पांचहि जण पट्टा बांधतील. मागच्या आसनावरच्या माणसानें पट्टा बांधावा असा नियम पूर्वींपासूनच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें पट्ट्याशिवाय बसल्याचा दंड एक हजार रुपये झाला. पण दंडाच्या धाकानें आमचें घर ऐकलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. घर ऐकलें तें हिशेबानें.

तो हिशेब असा. ताशीं ५० किलोमीटर जाणारी गाडी सेकंदाला सुमारें चौदा मीटर जाते. ती भिंतीवर थांबली तरी आंतील माणूस त्याच वेगानें पुढें जात राहतो. आणि तो वेग म्हणजे सुमारें दहा मीटर उंचीवरून खालीं पडणाऱ्या वस्तूचा वेग. दहा मीटर म्हणजे तिमजली घराची गच्ची. "आपल्या तिसऱ्या मजल्यावरून नातवाला मांडीवर घेऊन उडी टाकाल का?" असें सूनबाईंनीं विचारलें, तेव्हां आईनें मांडीवर असलेल्या नातवाला नकळत खालीं उतरविलें. हवेची पिशवी पट्ट्याला पूरक असते, पट्ट्याच्या ऐवजीं नसते, आणि पुढच्या आसनावर मांडीवरच्या मुलाला ती उलट घातक होते. मागचा मोकळा मनुष्य स्वतःच सांपडतो असेंहि नव्हे. तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. हें सगळें सूनबाईंनीं आवाज न चढवितां सांगितलें. त्या बुटीबोरीच्या एका कारखान्यांत सुरक्षिततेचेंच काम पाहतात.

आत्याबाईंनीं अडचण काढली ती निराळीच. "हें जानवंच झालं कीं गं! बायकांना जानवं घालायला लावलंत म्हणायचं," असें म्हणून त्या प्रथम खूप हंसल्या. मग गाडींत बसून पाहिल्यावर त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली, जी कोणत्याहि मोटारीच्या माहितीपत्रकांत दिलेली नसते. डाव्या बाजूस बसलेल्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतो, म्हणजे सव्य. उजव्या बाजूस बसलेल्याचा उजव्या खांद्यावरून येतो, म्हणजे अपसव्य. श्राद्धपक्षावांचून अपसव्य करणें आत्याबाईंस पटेना. तेव्हांपासून त्या डावीकडेच बसतात. आपल्या देशांत चालकाची जागा उजवीकडे असल्यामुळें गाडी हांकणारा सदा सर्वदा पितृकार्यावरच असतो, हेंहि त्यांनीं आम्हांस हळूच सांगून ठेवलें आहे.

नियम झाला, पण नवांतून पांच वजा जातां चार उरतात आणि ते चार कोण, हा प्रश्न कोणत्याहि कायद्यानें सोडविलेला नाहीं. पहिल्या वर्षीं तो जसजसा प्रसंग येईल तसतसा सुटत गेला. लग्नाला वडीलधारीं गेलीं. मुलें मागें राहिलीं म्हणून कोणी तरी मागें राहिलें. कोराडीच्या देवीला मुलें गेलीं, तर आणखी कोणी राहिलें. दिवाळीच्या सुमारास आमच्या सौ.नीं स्वयंपाकघरांतील कालदर्शिका काढून प्रत्येक खेपेस कोण गेलें याचीं टिपणें एकत्र केलीं. त्यांतून असें निघालें कीं, सूनबाई एक तर गाडी चालवीत होत्या, नाहीं तर घरीं राहिल्या होत्या. नुसत्या प्रवासी म्हणून, खिडकीबाहेर पाहत, त्या वर्षभरांत एकदांहि बसल्या नव्हत्या. त्यांची मुलगी घरांतील सर्वांत धाकटी नव्हे व सर्वांत थोरलीहि नव्हे, म्हणून तीहि बहुधा गाळली गेली होती. सूनबाई याविषयीं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. धाकटे बंधु मात्र त्याच आठवड्यांत एका शोरूमचें माहितीपत्रक घरीं घेऊन आले.

"दादा, आणखी एक गाडी घ्यावी म्हणतो," ते म्हणाले. बोलणें सरळ होतें. पण "आणखी एक" हे शब्द एकत्र कुटुंबांत कानांवर पडले कीं ते गाडीपाशीं थांबत नाहींत. आई त्या दिवशीं जेवली नाहीं. आमच्या चुलत घराण्यांत आधीं स्कुटरी दोन झाल्या, मग टेलिव्हिजन दोन झाले आणि मग गॅसच्या शेगड्या दोन झाल्या. हा क्रम तिनें डोळ्यांनीं पाहिलेला आहे. गाडी पांच जणांची असेल तर पांच जणांचीं घरें होणार, अशी तिची धास्ती. ही धास्ती अगदींच खोटी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. गाडी बनविणारे पुढें दोन व मागें दोन मुलें धरून चालतात. पांचवा मधला, ज्याच्या पायांशीं उंचवटा येतो व ज्याच्या दोन्ही बाजूंना दोन कोंपरे टोंचतात, तो त्यांच्या मनांत पाहुणाच असतो. आईनें माहितीपत्रक फळीवर ठेवलें आणि विषय तेव्हां तेथेंच राहिला.

मधल्या काळांत या छोट्या गाडीनें आम्हांस पुष्कळ शिकविलें. नागपूरचा उन्हाळा हा मोटारीचा खरा परीक्षक. २३ मे २०१३ रोजीं येथें पारा ४७·९ अंशांवर गेला होता. तसा दिवस रोज नसला तरी मे महिन्यांत उन्हांत तासभर ठेवलेल्या गाडीचें चाक हातीं धरवत नाहीं. आम्ही गाडींत एक जुना पंचा ओला करून ठेवतों व चाकावर टाकतों. प्रथम चारहि कांचा उघडून मिनिटभर कोंडलेली ऊन हवा जाऊं द्यावी, मग एसी लावावा. लगेच लावला तर तो बिचारा तापलेली हवाच थंड करीत बसतो. उन्हाळ्यांत टायरमध्यें हवा कमी भरावी अशी एक समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे, ती मात्र सोडून दिली पाहिजे. कमी हवेच्या टायरची बाजू दर फेऱ्याला अधिक वांकते, वांकण्यानें अधिक तापते आणि तापून फुटते. हवा सकाळीं, गाडी थंड असतांना, दारावरच्या कागदांत लिहिली असेल तेवढी भरावी. पंपावरचा मुलगा "उन्हाळा आहे, दोन कमीच टाकतो" असें आपुलकीनें म्हणेल, त्याला तितक्याच आपुलकीनें नको म्हणावें.

हें सांगण्याचें कारण समृद्धि महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं उरलेला भाग होऊन ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण रस्ता मुंबईच्या अंगास लागला. मोटारींना ताशीं १२० ची मर्यादा. म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. शिंक येऊन डोळे मिटले तेवढ्यांत एका वाड्याची लांबी मागें पडते. सिमेंटचा तापलेला रस्ता, जुने टायर, सरळ रेषेंत तासन् तास चालणारी गाडी व चालकाच्या डोळ्यांवर येणारी गुंगी, यांची गांठ पडली म्हणजे काय होतें तें विदर्भानें पाहिलें आहे. १ जुलै २०२३ च्या रात्रीं नागपुराहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली व पंचवीस माणसें गेलीं. आम्ही त्या रस्त्यानें संभाजीनगरास बहिणीकडे जातों तेव्हां ताशीं नव्वदाच्या वर जात नाहीं, आणि दर दोन तासांनीं चालक बदलतों. छोट्या सेडानचें इंजिन लहान. पांच माणसें, डिकीभर सामान व एसी एवढें घेऊन शंभराच्या पुढें ती जाते खरी, पण जिना चढणाऱ्या माणसासारखी बोलणें बंद करते.

पाण्याचेंहि एक सांगून ठेवावें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत मोटारी खेळण्यांसारख्या तरंगल्या. आमची गल्ली थोडी उंचावर असल्यामुळें आम्ही वांचलों. सकाळीं परिचितांच्या मदतीस गेलों तेव्हां एकच गोष्ट दाराशीं उभें राहून सांगत फिरावें लागलें, कीं बुडालेली गाडी कृपा करून चालूं करून पाहूं नका. इंजिनाच्या नळकांड्यांत पाणी शिरलेलें असेल, तर दट्ट्या हवेला दाबतो तसा पाण्याला दाबूं शकत नाहीं; दांडाच वांकतो आणि दुरुस्तीचा खर्च किती तरी पटींनीं वाढतो. बॅटरीची तार सोडावी व गाडी ओढून न्यावी. दोघांनीं ऐकलें. तिसऱ्यांनीं किल्ली फिरविली होती.

आतां रामटेक. २०२४ सालच्या त्रिपुरी पौर्णिमेला जावयाचें ठरलें. आईला नऊहि जण हवे होते. सूनबाईंचा नियम पांचांचा होता. दोघीहि आपापल्या जागीं बरोबर होत्या, आणि म्हणूनच आदल्या रात्रीं घरांत जी शांतता होती ती चांगली नव्हती. तोड काढली आईनेंच. राज्य परिवहनच्या गाड्यांत ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास आहे, व २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धें तिकीट आहे. आई ७८ वर्षांची. "मी एस. टी. नं जाते. फुकट आहे. माझ्याबरोबर कोण येतं तें सांगा," असें ती म्हणाली. तिन्ही मुलांनीं एकदम हात वर केले. अशा रीतीनें चौघें लाल गाडीनें गेलीं, आणि आम्ही पांच मोठीं माणसें मोटारींतून, पट्टे बांधून, मुकाट्यानें त्यांच्या मागून निघालों. गाडी आम्ही चालवीत होतों, आत्याबाई मागें डावीकडे सव्य होत्या, आणि सूनबाई पुढें खिडकीशीं. कामठीच्या पुढें त्यांना झोंप लागली. गडाच्या पायथ्याशीं पोंचलों तेव्हां आई अगोदरच येऊन मुलांना शिंगाडे सोलून देत होती.

त्यानंतर कालदर्शिकेवर जागांची पाळी लिहिली जाऊं लागली. ती फार काटेकोर नाहीं. आत्याबाईंची डावी बाजू तींत कायमची आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना मुभा असते. पण सूनबाईंच्या नांवापुढें महिन्यांतून एकदां "प्रवासी" असा शब्द असतो व तो आई स्वतः लिहिते.

असें सर्व सुरळीत चाललें असतांना दिल्लींत पुन्हां रेघ हलली. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं, बरोबर घटस्थापनेच्या दिवशीं, चार मीटरांच्या आंतल्या लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर अठरा टक्के झाला. पूर्वीं पेट्रोलच्या गाडीवर अठ्ठावीस व वर एक टक्का उपकर असे. धाकट्या बंधूंनीं दसऱ्याच्या आधींच एका कागदावर हिशेब मांडला आणि तो या वेळीं आमच्यापुढें न ठेवतां सरळ आईपुढें ठेवला. सूनबाईंना बुटीबोरीला रोजचें जाणें, मुलींची शिकवणी, आत्याबाईंचा दवाखाना, असें एकेक कारण आंकड्यांसह लिहिलें होतें, आणि सर्वांत खालीं "रामटेकास नऊहि जण" असें.

आईनें चष्मा लावून तो कागद दोनदां वाचला. जेवण त्या दिवशीं तिनें टाकलें नाहीं. "उभी कुठं करणार रे ही दुसरी?" एवढेंच तिनें विचारलें. फाटकाच्या आंत एकाच गाडीची जागा आहे. दुसरीसाठीं कागदी लिंबाचें झाड काढावें लागेल, आणि त्या लिंबांचें लोणचें सबंध घराला वर्षभर पुरतें. बंधु म्हणाले, बाहेर कडुनिंबाखालीं ठेवूं. सूनबाई म्हणाल्या, कडुनिंबावर बगळे बसतात, रोज धुवावी लागेल. आत्याबाईंनीं, दोन्ही गाड्यांत आपली जागा डावीकडेच राहील ना, याची खात्री करून घेतली. कागद सध्यां देवघराच्या फळीवर, आईच्या जपमाळेखालीं ठेवलेला आहे. काल संध्याकाळीं ती बाहेर जाऊन फाटकापासून लिंबापर्यंतचें अंतर पावलांनीं मोजतांना आम्हांस दिसली.